जास्त डोस रेटचं नवं लिनॅक घेतल्याने रोजचे रुग्ण वाढतील का?

रुग्णांची प्रतीक्षायादी लांबत चाललीय, तर जास्त डोस रेटचं लिनॅक, म्हणजे मिनिटाला जास्त किरण देणारं रेडिओथेरपीचं यंत्र, घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. माझं मत विचाराल तर आधी आठवडाभर रुग्ण आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंतची मिनिटं लिहून काढा.

आम्ही लिहिली तेव्हा बीम (किरणांचा झोत) चालू असण्याचा वेळ फारच थोडा निघाला. २ ग्रेच्या (ग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या डोसचं एकक) व्हीमॅट प्लॅनला, म्हणजे यंत्र रुग्णाभोवती फिरता फिरताच किरण देतं त्या उपचाराला, ५०० मॉनिटर युनिट (यंत्राने सोडलेल्या किरणांचं माप) लागतात असं धरू. मिनिटाला ६०० या दराने ती मिनिटभरात संपतात, आणि नेहमीच्या लिनॅकची गॅन्ट्री (रुग्णाभोवती फिरणारा यंत्राचा हात) एका फेरीला मिनिट घेतेच. म्हणजे झोत सगळीकडे सारखा करणारा फ्लॅटनिंग फिल्टर काढून १४०० चा दर मिळवला, तरी बीम गॅन्ट्रीच्या पुढे धावू शकत नाही. तो दर कामी येतो स्टिरिओटॅक्टिक (छोट्या गाठीवर नेमका, मोठा डोस द्यायच्या) उपचारांत, जिथे एका बैठकीत १० ग्रे किंवा अधिक द्यायचे असतात. तुमच्याकडे अजून सात-नऊ फील्डचं आयएमआरटी, म्हणजे तितक्या ठरावीक कोनांतून एकेक करून किरण देणं, असेल, तर वेळ वाचवायला व्हीमॅटवर जरूर या.

खरा वेळ जातो डोकं-मान स्थिर ठेवणारा मास्क बसवण्यात, लेझरशी अंगावरच्या आणि मास्कवरच्या खुणा जुळवण्यात, सीबीसीटीत (उपचाराआधी त्याच यंत्रावर काढायच्या स्कॅनमध्ये). प्रोस्टेटच्या रुग्णाचं मूत्राशय पुरेसं भरलेलं नाही हे सीबीसीटीवर कळलं, की त्याला उठवा, पाणी पाजा, थांबा, पुन्हा झोपवा. आम्ही बाहेरच अल्ट्रासाउंडने मूत्राशय बघायला लागलो आणि हे हेलपाटे पुष्कळ कमी झाले. एमएलसीच्या (झोताला आकार देणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) मोटरीही बंद पडायची वाट न पाहता, कुरकुरायला लागल्या की संध्याकाळीच बदला.

सगळ्यात मोठी बचत मात्र फ्रॅक्शन, म्हणजे उपचाराच्या बैठका, कमी करण्यात आहे, आणि तो निर्णय ऑन्कॉलॉजिस्टचा. स्तनाच्या कर्करोगात २५ फ्रॅक्शनची १५ झाली. २०२० मध्ये फास्ट-फॉरवर्ड चाचणीच्या पाच वर्षांच्या निष्कर्षांनंतर योग्य रुग्णांत ५ फ्रॅक्शनमध्ये २६ ग्रे देता येऊ लागले. रुग्णाच्या हॉस्पिटलच्या कितीतरी फेऱ्या वाचतात, हे मला यंत्राच्या वेळेपेक्षा मोलाचं वाटतं.

फक्त घाईत इमेज जुळवणीला कात्री लावू नका. आमच्या एका रुग्णाचं वजन उतरून मास्क सैल झाला होता. खुणा बरोबर जुळत होत्या. हनुवटी सरकल्याचं दिसलं ते सीबीसीटीवरच.