पर्यावरणीय रचनेत मास्टर्स: नोकरीच्या प्रश्नामागची भीती

"मॅडम, यात पुढे नोकरी आहे का, की नुसतं चांगलं काम केल्याचं समाधान?" शाश्वत आणि पर्यावरणीय रचनेत पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणारे बहुतेक जण हेच विचारतात. या मुलीनेही तेच विचारलं. वास्तुकलेची पदवी झालेली, नंतर काही वर्षं एका ऑफिसात काचेच्या दर्शनी भिंतींची ड्रॉइंग्ज काढलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नोकरीचं उत्तर लवकर देता येतं. इमारतीच्या ऊर्जावापराचं सिम्युलेशन (संगणकावर आधीच अंदाज काढणं), हरित मानांकनाचा सल्ला, पावसाच्या पाण्याचं आणि सांडपाण्याचं नियोजन, साहित्याचं जीवनचक्र मूल्यांकन, म्हणजे ते बनवण्यापासून टाकून देईपर्यंत पर्यावरणावर काय परिणाम होतो याचा हिशेब, ही कामं आहेत. ती ज्याला येतात त्याला बोलावणं येतं; 'पर्यावरणाची आवड' एवढ्यावर येत नाही. घरचे याला नवं फॅड म्हणतात, असंही ती म्हणाली. तसं ते नाही. लँडस्केप आर्किटेक्ट इयान मॅकहार्ग १९६० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माती, उतार, पाणी, झाडोरा यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून कुठे बांधू नये हे ठरवायला शिकवत होते.

तरी तिची चलबिचल थांबेना. म्हणून मी तिला निवडलेल्या अभ्यासक्रमांची विषयसूची आणायला सांगितली आणि ज्या विषयात काही मोजावं लागतं त्याखाली रेघ मारायला लावली. एका अभ्यासक्रमात रेघच पडली नाही, सगळा भर तत्त्वविचारावर. दुसऱ्यात ओळीमागून ओळ रेघांची: उष्णतावहन, जलविज्ञान, मृदाशास्त्र. "मला पहिलाच बरा वाटतो," ती म्हणाली. का, तर शाळेत फिजिक्सने रडवलं होतं. खरी काळजी ही होती, आणि ती बोलून दाखवायला तिला तीन बैठका लागल्या.

तत्त्वविचाराला मी कमी लेखत नाही. पण भीतीपोटी अभ्यासक्रम निवडू नये, या मतावर मी ठाम आहे. तिला एकच काम दिलं: तुझ्याच ड्रॉइंगमधला काँक्रीटचा एक कॉलम घे आणि त्यातलं सिमेंट बनवताना किती कार्बन डायऑक्साइड सुटला याचा हिशेब कर. ०.३ गुणिले ०.६ गुणिले ३ मीटर, म्हणजे ०.५४ घनमीटर. घनमीटरला साधारण ३५० किलो सिमेंट धरलं तर १८९ किलो. साध्या पोर्टलंड सिमेंटच्या किलोमागे सुमारे ०.८५ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका कॉलमला १६० किलो. सगळा नुसता गुणाकार!

पुढच्या वेळी ती स्वतःचेच प्रश्न घेऊन आली. कारखाना सौर विजेवर चालवला तर? तिने वाचून काढलं होतं: निम्म्याहून अधिक वायू इंधनातून येतच नाही, चुनखडी तापून फुटते तेव्हा तिच्यातूनच सुटतो. मग क्लिंकरच्या (चुनखडी भाजून बनणाऱ्या, सिमेंटच्या मुख्य घटकाच्या) जागी स्लॅग, म्हणजे पोलाद कारखान्यातली मळी, किंवा भाजलेली चिकणमाती किती घालता येईल? कॉलम मुळात एवढा जाड हवाच का? अर्धा तास ती बोलत होती. नोकरीचा विषय निघाला नाही.

तिने दुसऱ्या अभ्यासक्रमाला अर्ज केला. त्याआधी मी तिला यादीतल्या संस्थांच्या माजी विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचारायला लावल्या: पहिल्या नोकरीत रोज नेमकं काय करता, आणि स्टुडिओतलं एखादं काम बांधून झाल्यावर कुणी मोजून पाहिलं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जिथून गुळमुळीत आलं, ती संस्था तिने यादीतून काढली.