सावरडो स्टार्टरचं रोज उरणारं पीठ फेकवत नाही. आपल्या घरच्या स्वयंपाकात ते कशात घालता येईल?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे हाच वाद झाला होता. तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत राहता, पाव फुगवायला बरणीत आंबवत ठेवलेल्या पीठ-पाण्यात, म्हणजे स्टार्टरमध्ये, रोज नवं पीठ घालताना जुनं वाटीभर टाकावं लागतं, आणि शोधलं की जे सापडतं ते सगळं ओव्हनमधलं. वर येणाऱ्या काळ्या पाण्याचंही विचारलंय, त्यावर शेवटी लिहिते.

मी वेंगुर्ल्याची. लॉकडाऊनमध्ये पाव मिळेना म्हणून बरणी सुरू केली. (सावरडो म्हटलं की सासऱ्यांना अजून चिपळूणजवळचं सावर्डं आठवतं.) सासूबाई रोज बघायच्या, मी अर्धी बरणी नारळाच्या आळ्यात ओततेय. एक दिवस न राहवून म्हणाल्या, "अगो, पीठच मां तां? मगे टाकतंस कित्याक? घावने घाल." मी ऐकलं नाही. घावन म्हणजे तांदळाच्या पिठाचं, न आंबवता केलेलं. त्यात आंबट गव्हाचं पीठ कशाला, असं मला वाटायचं.

मग १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि आमची वीज चार दिवस गेली. फ्रीज बंद, मे महिन्याचा उकाडा, आणि आत साठवलेली स्टार्टरची मोठी बरणी झाकण उचलून बाहेर आलेली. टाकायचं जिवावर आलं. गॅस होता, बिडाचा तवा होता, तांदळाचं पीठ होतं. त्या दिवशी घावनं केली, आणि तेव्हापासून आमच्याकडे उरलेल्या स्टार्टरचा पहिला हक्क घावनांचा.

माझं प्रमाण असं: एक वाटी तांदळाचं पीठ, अर्धी वाटी स्टार्टर, मीठ, चिमूटभर साखर, आणि साधारण पावणेदोन वाट्या पाणी. पीठ ताकाइतकं पातळ हवं. मुरवत ठेवायची गरज नाही. तवा कडकडीत तापू द्या, अर्ध्या कांद्याने तेल फिरवा, आणि पीठ कडेकडून आत ओता. मध्यभागी ओतून डोशासारखं पसरवायला जाऊ नका, फाटेल. तांदूळ खाली बसतो म्हणून दर वेळी पळीने तळापासून ढवळायचं. झाकण, मिनिटभर, मग झाकण काढून कडा सुटेपर्यंत वाट बघा. जाळी पडते आणि मऊ राहतात. नुसत्या तांदळाची घावनं गार झाली की चामट होतात, ही संध्याकाळपर्यंत डब्यात बरी राहतात. साखर विसरू नका: फार आंबलेल्या पिठातली साखर जंतूंनीच खाल्लेली असते, त्यामुळे ती नसेल तर घावन पांढरंफटक राहतं.

इथे जुनं, सैल झालेलं स्टार्टरच जास्त चांगलं. आंबटपणामुळे गव्हाचा चिकटपणा मोडलेला असतो, म्हणून घावन रबरासारखं होत नाही. पावाला नको असलेलं नेमकं इथे हवं असतं.

आंबोळीचं मात्र जपून. मी एकदा अर्धाअर्धी स्टार्टर घालून रात्रभर ठेवलं. सकाळी पातेल्याखाली ओटा पांढरा, आणि आंबोळी तव्याला अशी धरली की उलथन्याने खरवडून काढावी लागली. उडीद-तांदळाचं पीठ आपलं आपण आंबतं, त्याला या मदतीची गरज नाही. पावसाळ्यात पीठ चढेनासं झालं तर दोन चमचे विरजणासारखे घाला, तेवढंच. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर खायची आंबोळी त्यासाठी बिघडवू नये.

माझ्या मुलाला विचाराल तर उत्तर एकच: बन्स. कारवार-मंगळूरकडची केळ्याची बन्स आता आमच्याकडच्या हॉटेलांतही मिळतात. त्यात एरवी दही घालतात, त्याच्या जागी स्टार्टर घाला. चार काळी पडलेली वेलची केळी कुस्करून त्यात चार चमचे साखर, अर्धी वाटी स्टार्टर, जिरं, मीठ, पाव चमचा सोडा, आणि मावेल तेवढा मैदा, हवं तर निम्मी कणीक. पुरीपेक्षा थोडं सैल मळून तेलाचा हात लावून ठेवा. दही घातलं की लोक रात्रभर ठेवतात. आपल्या उकाड्यात स्टार्टर घातलेलं पीठ तीन-चार तासांत तयार होतं. जाडसर लाटून मध्यम आचेवर तळा. सोडा वाढवू नका, साबणासारखी चव येते.

कांदाभजीच्या बेसनात दोन-तीन चमचे घातले तर सोडा लागत नाही. बोंबलाला पातळ हात लावून वर तांदळाचं पीठ लावलं तर आवरण सुटत नाही. बांगड्याला मात्र मी लावत नाही, त्याला मसाला आणि कोरडा रवाच. भाकरीत घालून पाहिलं, उपयोग नाही.

सान्नां (इडलीसारखी) आणि पोई (पाव) यांसाठी गोव्यात माडाची सूर, म्हणजे ताडी, वापरत आले आहेत, तेव्हा आंबवलेलं पीठ आपल्या किनाऱ्याला नवं नाही. नवं आहे ते रोज अर्धं फेकणं. तुम्ही १०० ग्रॅम स्टार्टरला १०० ग्रॅम पीठ आणि १०० ग्रॅम पाणी घालत असाल, तर रोज २०० ग्रॅम उरणार, त्यात निम्मं पीठ, म्हणजे आठवड्याला ७०० ग्रॅम पीठ. एवढी घावनं कोण खाणार? फक्त ५ ग्रॅम ठेवून त्याला २५-२५ ग्रॅम पीठ-पाणी द्या. गरम हवेत ते भराभर चढून उतरतं, म्हणून कमी स्टार्टरला जास्त पीठ हेच बरं. पाव करायच्या आदल्या दिवशी वाढवता येतं. मी तर बरणी फ्रीजमध्येच ठेवते आणि आठवड्यातून एकदा खाऊ घालते. उरलेलं दुसऱ्या बरणीत साठवायचं, आठ दिवसांत संपवायचं. सिंकमध्ये ओतू नका, पाइपमध्ये चिकटून वाळतं.

तुमची बरणी नवी असेल तर पहिल्या आठ-दहा दिवसांचं उरलेलं खाण्यात घेऊ नका, त्यात कोणते जंतू जोर धरताहेत ते अजून ठरलेलं नसतं. ते झाडाला घाला. आणि कच्चं पीठ चाखून बघायची सवय असेल तर ती सोडा.

काळं पाणी म्हणजे भुकेल्या स्टार्टरवर आलेलं, थोडी दारू असलेलं पाणी. ओतून टाका किंवा ढवळून घ्या, दोन्ही चालतं, ढवळलं तर आंबटपणा वाढेल. पण गुलाबी किंवा केशरी छटा दिसली, किंवा वर केसाळ बुरशी आली, तर वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही. सगळं टाकायचं, बरणी उकळत्या पाण्याने धुवायची. त्या दिवशी सासूबाई काही म्हणाल्या तरी.