अर्धवट हायलाइट असलेल्या मजकुरावर टॉगल दाबलं तर काय व्हावं?

तुमचं एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) व्हीएस कोड या कोड-एडिटरसाठी आहे, एकच कमांड (टॉगल) निवडलेल्या मजकुराला रंग लावते आणि काढते, पण सिलेक्शनचा थोडाच भाग आधी रंगवलेला असला की काय करायचं हे ठरत नाहीये, असा प्रश्न आहे. माझं मत ठाम आहे: वर्ड प्रोसेसरमधलं बोल्ड जसं वागतं तसंच वागवा. सिलेक्शनमधलं एक जरी अक्षर कोरं असेल, तर सगळं रंगवा. सगळंच रंगलेलं असेल, तरच काढा.

समजा, 'एकूण = दर * नग' या ओळीत 'दर' पिवळा आहे आणि तुम्ही पूर्ण ओळ निवडून कमांड दिली. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलटवला, तर 'दर' कोरा होतो आणि बाकीची ओळ पिवळी. पुन्हा दाबलं की परत पहिल्यासारखं. कितीही वेळा दाबा, ओळ एकसारखी होतच नाही. आधी भरण्याचा नियम असेल तर पहिल्यांदा दाबल्यावर पूर्ण पिवळी, दुसऱ्यांदा पूर्ण कोरी. अनेक कर्सर असतील तेव्हाही निर्णय सगळ्या सिलेक्शन्सचा मिळून एकदाच घ्या.

उलट, १० ते २० या रंगवलेल्या ओळींपैकी १४ ते १६ निवडल्या, तर तेवढ्याच पुसा. दोन्ही बाजूंचे तुकडे राहू द्या. काहीच निवडलेलं नसेल तर मात्र कर्सरखालचा अख्खा पट्टा काढा, लोकांना तेच अपेक्षित असतं.

आता कोडचं. डेकोरेशन टाइप, म्हणजे रंग कसा दिसावा याची व्याख्या, एक्स्टेन्शन सुरू होताना एकदाच बनवा. दर कमांडला नवा बनवलात तर जुन्याचा संदर्भ हातून जातो, तो रंग पुसता येत नाही, आणि रंग अर्धपारदर्शक असेल तर थरावर थर चढून गडद होत जातो. सेटडेकोरेशन्स हे रंग लावणारं फंक्शन त्या टाइपच्या आधीच्या सगळ्या रेंजेस (रंगवलेल्या जागा) बदलून टाकतं, म्हणून दर वेळी पूर्ण यादी द्या. रिकामी यादी दिली की सगळं साफ.

ही यादी डॉक्युमेंटच्या यूआरआयनुसार (फाइलच्या पत्त्यानुसार) तुमच्याकडेच ठेवा. टॅब बदलून परत आलं की डेकोरेशन्स आपोआप येत नाहीत, शिवाय स्प्लिट केलेल्या दोन्ही खिडक्यांत तोच रंग दिसायला हवा. टाइप करताना एडिटर रंगाचा पट्टा स्वतः सरकवतो, तुमची यादी मात्र जागीच राहते. त्यामुळे ऑनडिडचेंजटेक्स्टडॉक्युमेंटमध्ये (मजकूर बदलला की एडिटर कळवतो तो इव्हेंट) तिच्या रेंजेसही सरकवा, नाहीतर पुढच्या टॉगलला रंग भलत्याच ओळीवर उमटेल.