चमू नव्हे हो, ताफा!

प्रश्न असा आला आहे: "पोलंडमधल्या 'ईएबीएस' या जॅझ बँडवर आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. पहिलं वाक्य केलंय, 'व्रोत्स्वाफ शहरातला हा पाच-सहा जणांचा चमू परंपरा आणि अर्बन म्युझिक यांची सांगड घालतो.' मैत्रीण म्हणते, बँडला वाद्यवृंद म्हण. बरोबर काय? चमू तो की ती? आणि अर्बन म्युझिकला नागरी संगीत चालेल का?"

चमू! सकाळी पेपर उघडावा तर 'डॉक्टरांचा चमू', दुपारी बातम्या लावाव्यात तर 'तपास अधिकाऱ्यांची चमू', संध्याकाळी क्रिकेट लावावं तर 'भारतीय चमू'. आता जॅझवालेही त्यातून सुटले नाहीत. ताई, चमू म्हणजे किती माणसं हे अमरकोशात मोजून ठेवलेलं आहे. एक हत्ती, एक रथ, तीन घोडे आणि पाच पायदळ मिळून एक पत्ती. तिथून प्रत्येक पायरीला तिप्पट करत जायचं: सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना आणि मग चमू. गुणाकार केलात तर ७२९ हत्ती, ७२९ रथ, २१८७ घोडे आणि ३६४५ पायदळ. तुमच्या बँडकडे एक सॅक्सोफोन, एक ट्रम्पेट, कीबोर्ड, बास आणि ड्रम्स. बाकीचे हत्ती कुठे बांधलेत?

गीतेच्या पहिल्याच अध्यायात दुर्योधन द्रोणाचार्यांना म्हणतो, 'पश्यैतां पाण्डुपुत्राणामाचार्य महतीं चमूम्'. पांडवांची अफाट सेना बघून त्याच्या पोटात गोळा आला आहे, म्हणून हा शब्द. 'एतां', 'महतीं' यावरून लिंगही कळलं, संस्कृतात चमू 'ती'च आहे. मराठीत तो की ती याचं उत्तर मी देणार नाही, कारण वापरूच नये असं माझं मत आहे. (वेदात चमू म्हणजे सोमरसाचं भांडं. जॅझ क्लबमधल्या मंडळींना हा अर्थ अधिक शोभला असता, पण तो आपल्या उपसंपादकांना ठाऊक नसावा.)

यावर नेहमीचं उत्तर येतं की शब्दांचे अर्थ बदलतात, शब्दकोशातही आता 'समूह' असा अर्थ दिलेला आहे. दिलेला असेल. कोशकारानं छापलेलं पाहिलं, नोंदवलं. तो त्याचं काम करतो. पण लोकांच्या तोंडी घासून अर्थ बदलणं वेगळं आणि मथळ्यात दोनच अक्षरं मावतात म्हणून कुणीतरी जुन्या सेनेतून एक शब्द उचलून आणणं वेगळं. घरात कुणी 'आमच्या क्रिकेटच्या चमूत ये' असं म्हणतं का? नाही ना? मग तो शब्द अजून कागदावरचाच आहे.

वाद्यवृंद शब्द म्हणून निर्दोष आहे. पण आकाशवाणीच्या वाद्यवृंदानं त्याला ओळीनं बसवलं, पुढ्यात कागद दिले, समोर काठीवाला उभा केला. पुढे गावोगावच्या नाट्यगृहांत तो जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमाला चिकटला, मधूनमधून शेरोशायरी करणाऱ्या निवेदकासकट. 'ईएबीएस'ची सुरुवात व्रोत्स्वाफच्या क्लबातल्या जॅम सेशन्समधून झाली. कोण कधी शिरेल आणि सूर कुठे जाईल याचा नेम नाही, अशा बैठका त्या. त्यांना वृंद म्हणवत नाही. पथक म्हणावं तर ढोलताशा, नाहीतर भरारी पथक, नाहीतर श्वानपथक. गट म्हटलं की जिल्हा परिषद आलीच. आणि 'बँड हा मूळ संस्कृत बंध' अशी जी पोस्ट फिरते आहे ती कृपया मला पुन्हा पाठवू नका. बांधणं या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि आपला बंध हे चुलतभाऊ आहेत, हे खरं. पण टोळी या अर्थाचा बँड फ्रेंचांकडून आला आणि त्याचं मूळ बहुधा निशाणात, झेंड्यात आहे. एका झेंड्याखालची माणसं ती बँड. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द पुढे एकमेकांत मिसळले, एवढंच.

आता खरा शब्द. ताफा.

ताफा म्हटलं की तुम्हाला लाल दिवे आणि मंत्र्यांच्या गाड्या दिसतात, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या लहानपणी कराडकडच्या गावांत वाजंत्र्यांचा ताफा असे, सनईचा ताफा, हलगीचा ताफा असे. त्याआधी पेशवाईत कलावंतिणींचे ताफे होते. शब्द मूळ अरबी, 'ताइफा', म्हणजे जमात, टोळी, जथा. त्याच्या पोटात जो धातू आहे त्याचा अर्थ आहे फिरणं, भोवती घिरट्या घालणं. काबेभोवती हाजी जी प्रदक्षिणा घालतात ती 'तवाफ', तीही यातलीच. आणि ताइफाचं अनेकवचन काय होतं माहीत आहे? 'तवाइफ'! हो, तीच लखनऊची तवायफ. 'टोळ्या' असा अर्थ असलेलं अनेकवचन एका बाईला चिकटलं. यात नवल वाटायला नको, आपणही 'हाल'च्या अनेकवचनाला म्हणजे 'अहवाला'ला एकवचन करून दर वर्षी वार्षिक सभेत वाचून दाखवतो. अमीरचं अनेकवचन उमराव, तोही आपल्याकडे एकटाच हिंडतो. स्पेनमध्ये कोर्दोबाची खिलाफत १०३१ साली कोसळली आणि तिच्या चिंधड्यांतून जी छोटी छोटी राज्यं उभी राहिली त्यांनाही इतिहासात 'ताइफा'च म्हणतात. एक शब्द, त्यात मक्का, लखनऊ, अंदालूसिया आणि आमची हलगी! मला या शब्दानं कितीतरी रात्री झोपू दिलेलं नाही.

माझा एक सिद्धांत आहे. पुरावा मागू नका. गावच्या यात्रेत रात्री छबिना निघतो, पालखी देवळाभोवती फिरते आणि पुढे वाजंत्री. म्हणजे ताफा अक्षरशः तवाफ करतो. दरबारात यावं तर तिथेही तेच. जुन्या चित्रांत बघा, नाच करणारीच्या मागे सारंगीवाला सारंगी कमरेला बांधून उभ्यानं वाजवतोय, तबलजीनंही तबला-डग्गा कमरेलाच बांधलाय. बसलेलं कुणीच नाही. ती सरकेल तसे हे मागे सरकणार, ती वळली की हे वळणार. फिरणं या धात्वर्थाची आठवण इतकी शाबूत ठेवणारा दुसरा शब्द मला दाखवा. एका निवृत्त प्राध्यापकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, अरबीतच या शब्दाचा अर्थ केव्हाच 'गट' एवढा सपाट झाला होता, तुमचा हलगीवाला अरबी धातुपाठ वाचून वाजवत नव्हता. नसेल वाचत. पण प्राध्यापक महाशय कधी छबिन्यातही चाललेले नाहीत.

मी चाललो आहे. काही वर्षांपूर्वी एका यात्रेत हलगीवाल्यांच्या म्होरक्याला विचारलं, "ताफ्यात किती जण तुम्ही?" हलगी शेकोटीवर धरून तापवता तापवता तो म्हणाला, "सात मानसं आन् टेम्पो." मी म्हटलं, टेम्पो कसा धरता ताफ्यात? तर म्हणे, "सुपारी घेतली की त्येचं भाडं आधी सुटतं, मग आमचं." माणसांच्या ताफ्याचा मोटारींचा ताफा कसा झाला, याचं याहून चांगलं स्पष्टीकरण मी कुठल्याही ग्रंथात वाचलेलं नाही. (सुपारी शब्दावर पुन्हा कधीतरी. वाजंत्र्यांची सुपारी गुंडांनी पळवली, याचा मला फार राग आहे.)

पोलिश लोक स्वतः काय म्हणतात हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. त्यांच्याकडे 'बांदा' म्हणजे गुंडांची टोळी, त्यामुळे जॅझ वाजवणाऱ्यांना ते 'झेस्पूव' म्हणतात. एकत्र जोडलेले ते झेस्पूव. पण याच शब्दानं पोलिश डॉक्टर सिंड्रोमलाही हाक मारतात. लक्षणांचा संच तो झेस्पूव आणि वादकांचा संच तोही झेस्पूव. खेड्यातल्या लोकसंगीतवाल्यांना मात्र 'कापेला' हा वेगळा शब्द. तो लॅटिनमधून आला. संत मार्टिनचा अर्धा झगा जिथे जपून ठेवला ती 'झग्याची' खोली, मग तसलं कुठलंही छोटं प्रार्थनाघर, मग तिथे गाणारे, आणि शेवटी लग्नात फिडल वाजवणारे. झग्यापासून वरातीपर्यंत. ताफ्याला इतका लांबचा प्रवास करणारा एक सोबती निघाला, याचा मला आनंद आहे.

तुमच्या बँडकडे वळतो. 'ईएबीएस' ही आद्याक्षरं आहेत इलेक्ट्रो-अकूस्टिक बीट सेशन्सची. २०१७ मध्ये त्यांनी पोलिश जॅझ संगीतकार क्षिश्तोफ कोमेदाच्या मागे पडलेल्या रचना घेऊन अल्बम केला, २०१९ मध्ये स्लाव्ह लोकांच्या जुन्या श्रद्धा आणि भुताखेतांकडे वळले. लेखात परंपरा म्हणाल तेव्हा या दोन परंपरा वेगळ्या काढा. एक लोकपरंपरा, दुसरी खुद्द पोलिश जॅझची. दुसरी साधी नाही. स्टालिनच्या काळात तिथे जॅझ नकोसा होता, लोक घरांतून, तळघरांतून लपून वाजवत. त्या वर्षांना पोलिश मंडळी 'काताकुंबी' म्हणतात, भुयारातली दफनघरं. १९५६ मध्ये सोपोतच्या महोत्सवात ती दारं उघडली आणि कोमेदाचा सहा जणांचा ताफा (बघा, किती सहज बसला) तिथे वाजला.

कोमेदाचं खरं आडनाव त्श्चिन्स्की. तो कान-नाक-घशाचा डॉक्टर. दवाखान्यात जॅझची कुणकुण लागू नये म्हणून टोपणनाव घेतलं. ते कुठून आलं? असं सांगतात की लहानपणी लढाई-लढाई खेळताना आपल्या ठाण्यावर त्याला 'कोमेंदा', म्हणजे मुख्य ठाणं, असं लिहायचं होतं आणि 'न' राहून गेला. पोरांनी चिडवायला तेच नाव ठेवलं. मराठीत सांगायचं तर अनुस्वार गळाला आणि पोलिश जॅझला त्याचं सगळ्यात मोठं नाव मिळालं. शुद्धलेखनाच्या बाजूनं आयुष्यभर भांडलेल्या माणसाला ही गोष्ट सांगताना थोडं अवघडायला होतं.

बँडचा कीबोर्डवाला मारेक पेंजिव्यात्र. आडनावाचा अर्थ वाऱ्यासारखा पळणारा, भिरभिऱ्या, आपल्याकडचा उडाणटप्पू. यातला 'व्यात्र' म्हणजे वारा, आणि तो आपल्या वात-वायूच्याच कुळातला आहे, अगदी खरा, पोस्टवाला नव्हे. हाच माणूस 'लातार्निक', म्हणजे दीपगृहाचा राखणदार, या नावानंही वाजवतो. आडनावानं सुसाट आणि टोपणनावानं एका जागी खिळलेला.

आणि आता ज्यासाठी मी ताफा ताफा करतोय ते. २०२३ मध्ये 'ईएबीएस'नं लाहोरच्या 'जौबी' या मंडळींबरोबर अल्बम केला. जौबी म्हणजे उर्दू 'जो भी', आपलं 'जे काही'. त्यांच्याकडे काय आहे? सारंगी आणि तबला! कलावंतिणीच्या मागे कमरेला बांधलेली तीच दोन वाद्यं. नखाच्या मुळाशी तार दाबून काढलेला सारंगीचा स्वर सॅक्सोफोनशेजारी येतो तेव्हा दोघांचाही घसा एकाच ठिकाणी बसलेला वाटतो. याला चमू म्हणणार? वाद्यवृंद? ज्या शब्दात मुळातच सारंगी आणि तबला आहे तो शब्द आपल्या घरात पडलेला असताना?

'परकीय शब्द कशाला' असं म्हणणाऱ्यांनी आधी त्यांची शाई आणि कागद परत करावा, मग बोलू.

राहिलं अर्बन म्युझिक. नागरी संगीत अजिबात नको. नागरी म्हटलं की सुविधा, हक्क, फार तर सहकारी बँक. आमच्या गावात 'अर्बनमध्ये जाऊन येतो' म्हणजे पासबुक भरायला. इथे त्या इंग्रजी शब्दाचा रोख हिपहॉपकडे आहे, तर सरळ हिपहॉप लिहा. बीटचं भाषांतर ठेका करू नका. ठेका ताल धरतो, हिपहॉपवाल्याची बीट म्हणजे ज्यावर शब्द टाकायचे तो अख्खा तयार तुकडा, ड्रम, बास, कापून आणलेले सूर, सगळं. बीटच ठेवा. वाक्य असं करा: 'पोलंडमधल्या व्रोत्स्वाफचा हा जॅझवाल्यांचा ताफा कोमेदाचं घराणं आणि हिपहॉपच्या बीट एका बैठकीत वाजवतो.' घराणं शब्दावर कुणी हरकत घेतली तर माझ्याकडे पाठवा.

अंक छापायला जाण्याआधी मुद्रितशोधकाला एवढं बजावून ठेवा: पेंजिव्यात्रवर अनुस्वार आहे, कोमेदावर नाही.