कोरोनात सगळं मोठ्या हॉस्पिटलांनीच केलं, मग फॅमिली डॉक्टरचा उपयोग काय?

प्रश्न रास्त आहे, आणि राग असेल तर तोही. पुण्याच्या उपनगरात माझा दहा बाय बाराचा दवाखाना आहे, २६ वर्षं झाली. आधी कबुली देतो. मार्च २०२० मध्ये मीही १६ दिवस शटर ओढून घरी बसलो होतो. मास्क मिळत नव्हते, घरात ऐंशीची आई. पण बीपीच्या, शुगरच्या गोळ्या संपल्याचे फोन थांबेनात. शेवटी एसी बंद, खिडक्या उघड्या, पेशंट बाहेर कडुनिंबाखाली खुर्च्यांवर आणि मी रेनकोट घालून, अशी ओपीडी सुरू केली. एप्रिलच्या उन्हात रेनकोट! तासाभरात बुटात पाणी व्हायचं.

आता मुद्द्याचं. अत्यवस्थ माणूस हॉस्पिटलनेच वाचवला, त्यात वाद नाही. पण लागण झालेले बहुतेक जण घरीच बरे होणारे होते. त्यांतून कुणाला पाठवायचं आणि कोणत्या दिवशी, हे ठरवणं आमच्याकडे होतं. लवकर पाठवलं तर खाट अडते, उशीर झाला तर माणूस जातो. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात दुखणं उलटायचं. लोक दिवस मोजायचे रिपोर्ट आला तेव्हापासून. मी विचारायचो, "पहिली कणकण कधी वाटली?" तिथून मोजलं की 'तिसरा दिवस' म्हणणारा सातव्या दिवसावर निघायचा.

नऊ ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारी यंत्रं, विकत घेतले होते, वहीत नाव लिहून घरोघर द्यायचे. नेलपॉलिश पुसा, बोट गार असेल तर चोळा, मग लावा. नंतर गॅलरीत सहा मिनिटं चालून पुन्हा बघा. बसल्या जागी ९६ दाखवणारा चालून आल्यावर ९१ वर आला, तर बॅग भरायला सांगायचो.

पण सगळंच यंत्रावर कळत नाही. आमच्या एक काकू आहेत. फोन केला की सुनेपासून सोसायटीच्या टाकीपर्यंत एका दमात. सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला, "बरी आहे हो डॉक्टर," आणि थांबल्या. दोन शब्द, पुन्हा थांबल्या. ऑक्सिमीटर ९५ म्हणत होता, मुलगा म्हणाला उद्या बघू. मी म्हटलं, आत्ता रिक्षात घाल. रात्री ऑक्सिजन लावावा लागला. काकू एरवी कशा बोलतात हे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला कुठून माहीत असणार?

आमच्याकडून चुकाही झाल्या. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषधचाचणीतून कळलं होतं की डेक्सामेथासोन या स्टेरॉईडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, पण ऑक्सिजन न लागणाऱ्याला त्याचा फायदा नाही. तरी दुसऱ्याच दिवशी स्टेरॉईड लिहिणारे आमच्यातच होते. वर डायबेटिस असला की शुगर चारशेवर. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, लोकांचे डोळे गेले, त्याला ही घाईही एक कारण होती.

आणि भीती. १८९७ च्या प्लेगात पुण्यात लोक आजारी माणूस लपवायचे, कारण सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, येऊन उचलून नेत. २०२० मध्ये हातावर क्वारंटाइनचा शिक्का आणि इमारतीला पत्रे ठोकले जाण्याची धास्ती होती, म्हणून ताप लपायला लागला. मात्र तो फॅमिली डॉक्टरपासून सहसा लपत नसे. "कुणाला सांगू नका, पण..." अशी सुरुवात व्हायची. टेस्टला तयार करायला मग दोन-तीन फोन लागायचे. धारावीत एप्रिल २०२० मध्ये खासगी डॉक्टर पालिकेच्या पथकांबरोबर गल्ल्यांमध्ये तपासणीला उतरले. ओळखीचा डॉक्टर दारात असला की दार उघडतं.

तक्रार एकच. माझ्या पेशंटचा रिपोर्ट लॅबकडून यंत्रणेकडे जायचा, मला मात्र पेशंटने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तरच कळायचं. डिस्चार्ज झालेला माणूस सात गोळ्या घेऊन यायचा, त्यातली कोणती कधी बंद करायची याचा पत्ता नाही. पुढच्या वेळी निदान एवढं तरी सुधारावं.

नऊपैकी सात ऑक्सिमीटर परत आले. उरलेले दोन कुणाकडे आहेत ते वहीत आहे. त्यातल्या एका घरी मी ते मागायला गेलो नाही.