तेल कोणतं? आधी किती ते सांगा

कोलेस्टेरॉलबद्दल आलेल्या पत्रांपैकी या वेळीही निम्मी तेलाच्या डब्याबद्दल आहेत. उरलेल्या पत्रांतले प्रश्न वाचकांचे कमी आणि व्हॉट्सॲपचे जास्त वाटतात.

प्र. वय 45, एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) 138. अंड्यातला पिवळा बलक सोडावा का?

गरज नाही. रोज एक अख्खं अंडं चालेल, फक्त ते लोण्यात परतू नका. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर किती खायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्र. घरात चौघं आहोत. 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं महागडं तेल वापरतो, तरी आम्हा दोघांचं कोलेस्टेरॉल वाढलंय. घाण्याचं तेल सुरू करू का?

डब्यावर लिहिलंय ते खरं आहे, आणि बिनकामाचंही. खाण्यातलं कोलेस्टेरॉल येतं प्राणिज पदार्थांतून. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, पाम यांपैकी कुठल्याच तेलात ते नावालाही नसतं. मग त्याचे जास्तीचे पैसे कशाला? एलडीएल वाढवतात ते मुख्यतः संपृक्त (सॅच्युरेटेड) फॅट आणि तेल घट्ट करताना तयार होणारं ट्रान्स फॅट. पाम तेलात साधारण निम्मा भाग संपृक्त असतो, खोबरेलात 80 टक्क्यांहून जास्त, शेंगदाणा तेलात पाचव्या हिश्श्याच्या आसपास आणि करडईत त्याहूनही कमी. घाण्यावर काढल्याने हे गणित बदलत नाही.

पण तुमच्या पत्रात महिन्याला किती तेल लागतं, हेच नाही. माणशी महिन्याला अर्धा लिटर हा हिशेब धरा, म्हणजे चौघांना आठवड्याला जेमतेम अर्धा लिटर. सोमवारी सकाळी अर्ध्या लिटरची बाटली भरा, डबा वरच्या फळीवर ठेवून द्या आणि रविवारी रात्रीपर्यंत त्या बाटलीवरच भागवा. बहुतेक घरांत ती गुरुवारीच तळ गाठते. याला कारण फोडणी. डब्यातून अंदाजाने ओतलं की दोन-तीन चमचे जास्तीचे कधी गेले ते कळत नाही. 5 मिलीचा चमचा घ्या. चौघांची भाजी 4 चमच्यांत होते, आमटीची फोडणी 2 चमच्यांत. भाजी बुडाला लागते म्हणून तेल वाढवू नका. कढईवर खोलगट ताटली ठेवून तीत पाणी घाला आणि मंद आचेवर वाफ येऊ द्या. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा तळायला वापरू नका, एक-दोन दिवसांत भाजीला संपवा.

शिवाय चहाबरोबरची खारी या बाटलीच्या हिशेबात येतच नाही. जानेवारी 2022 पासून आपल्याकडे खाद्यतेल-वनस्पती तुपात ट्रान्स फॅट 2 टक्क्यांच्या वर चालत नाही, हे चांगलंच झालं. म्हणून खारी पथ्याची झाली असं नाही. पुडा उलटा करा, घटकांत 'पाम' दिसतं का बघा आणि 'सॅच्युरेटेड फॅट'चा आकडा वाचा. पुढची बाजू जाहिरातीसाठी असते.

प्र. साजूक तुपाने कोलेस्टेरॉल उतरतं म्हणतात. खरं का?

नाही. वरणभातावरच्या एका चमच्यात सुमारे 3 ग्रॅम संपृक्त फॅट येतं. एलडीएल वाढलेल्याने दिवसभरात 15 ग्रॅमच्या आसपास थांबावं, त्यात हा चमचा बसतो. बसत नाही ते दूध. फुल क्रीम दुधाच्या 200 मिलीच्या पेल्यात 12 ग्रॅम फॅट, त्यातलं सात-आठ ग्रॅम संपृक्त. तुपावरून घरात वाद होतो आणि दोन पेले दूध कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. टोन्ड दूध आणा.

प्र. रोज मसाला ओट्स खातो. फरक का नाही?

कारण मात्रा पुरत नाही. ओट्समधल्या विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंचा (फायबरचा) कोलेस्टेरॉलवर उपयोग व्हायला रोज सुमारे 75 ग्रॅम कोरडे, साधे ओट्स लागतात. मसाल्याच्या छोट्या पाकिटात त्याहून बरेच कमी असतात, वर मीठ. ओट्स आवडत नसतील तर राजमा, चवळी, वाल, भेंडी, पेरू आहेतच. इसबगोल घेणार असाल तर मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. गिळायला त्रास होत असेल तर विचारल्याशिवाय नको.

प्र. वय 34, एलडीएल 212. वडिलांना 46 व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. लसूण-आलं-लिंबाचा काढा तीन महिने घेऊन मग गोळीचं बघू का?

नाही, याच आठवड्यात फिजिशियनकडे जा. 190 च्या वरचं एलडीएल आणि घरात कमी वयातला हृदयविकार, म्हणजे दोष आनुवंशिक असू शकतो. आहार काटेकोर पाळून 10-15 टक्के उतरलं तरी तुम्ही 180 लाच राहाल. पापण्यांवर पिवळट चट्टे, टाचेमागच्या शिरेवर गाठी असतील तर डॉक्टरांना दाखवा, थायरॉइड तपासायचं का तेही विचारा. भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्या. काढ्याने तेवढे तीन महिने वाया जातील.

प्र. गोळीने रिपोर्ट नॉर्मल आला. आता बंद करू?

नॉर्मल गोळीमुळे आला आहे. ज्यांनी ती लिहून दिली त्यांनाच विचारा.

प्र. एलडीएल ठीक, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) 310. तेल बंद केलं, आठवड्यात दोन उपवास करतो, तरी उतरत नाही.

उपवासाला काय खाता? साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, आणि ट्रायग्लिसराइड वाढवण्यात साखर, मैदा, साबुदाणा, दारू तेलापेक्षा पुढे असतात. खिचडीऐवजी ताक, काकडी, एखादं फळ आणि मूठभर दाणे घ्या. दारू असेल तर बंद. साखरेची तपासणी करा आणि ट्रायग्लिसराइडचा आकडा 500 कडे सरकला तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. पुढची तपासणी दोन-तीन महिन्यांनी, 12 तास उपाशीपोटी. पाणी चालतं. आदल्या रात्री लग्नाचं जेवण नको.