जोन सदरलँडचा 'जड' आवाज इतक्या वर कसा गेला?

प्रश्न असा आहे: भाची 19 वर्षांची, पाश्चात्त्य गायन शिकते. बाई म्हणतात आवाज मोठा आणि जड आहे, पुढे वाग्नर गाशील (जर्मन संगीतकार, त्याच्या ऑपेरांना जड, मोठे आवाज लागतात). ऑस्ट्रेलियाची विख्यात ऑपेरा-गायिका जोन सदरलँड, तिलाही आधी असंच सांगितलं होतं, मग तिने आवाज कसा बदलला, किती वर्षं लागली, आणि भाचीने काय करावं?

वर्षांचा हिशोब आधी उरकतो. सदरलँड 1951 मध्ये सिडनीहून लंडनला आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. कव्हेंट गार्डन या तिथल्या ऑपेरा-थिएटरात दोनिझेत्तीच्या 'लुचिया दि लाम्मेरमूर' या ऑपेरामुळे तिचं नाव झालं ते 17 फेब्रुवारी 1959 रोजी. म्हणजे साडेसात वर्षं. 'आवाज बदलला' असं कुणी लिहिलं की मात्र मला राहवत नाही. मी साथ करणाऱ्यांच्या जातीचा माणूस, आणि या सगळ्या प्रकरणात ज्याला श्रेय द्यायचं तो पियानोवर बसलेला होता.

आपल्याकडे गायिकेला काळी पाच सोसत नसेल तर पेटीवाला काळी चार धरतो आणि विषय संपतो. ऑपेरात ही सोय नाही. स्वर लिहिलेले, समोर साठ-सत्तर वादक, माइक नाही. म्हणून गळ्याची जात आधी ठरवावी लागते. ती बहुतेक जण दोन फसव्या खुणांवरून ठरवतात: आवाज केवढा मोठा आहे, आणि सगळ्यात वरचा स्वर कुठला लागतो. बघायला हवं ते हे की गळा कुठल्या टापूत अर्धा-पाऊण तास न दमता नांदतो. दोन सोप्रानोंना (बायकांचा सगळ्यात उंच आवाज) वरचा सा, म्हणजे मधल्या सा च्या दोन सप्तकं वरचा, सारखाच लागत असेल, पण एक त्याच्या खालच्या चार-पाच स्वरांत खुशाल घर करते आणि दुसरी तिथे दहा मिनिटांत कोमेजते. या दोघींना एकच भूमिका देणं म्हणजे एकीचा गळा मारणं.

सदरलँडची आई म्युरिएल स्वतः मेझो, म्हणजे सोप्रानोच्या खालच्या आवाजाची. पोरगी पियानोजवळ बसून आईचे पलटे ऐकून ऐकून उचलायची. आईने अठरा वर्षांपर्यंत बाहेर शिकायला पाठवलं नाही, आणि माझ्या मते हे तिच्यावरचं सगळ्यात मोठं ऋण आहे, कारण श्वास आणि मधलं सप्तक तोवर पक्कं झालं. आईचा अंदाज होता की मुलगीही मेझोच. पुढे सिडनीत तिला शिकवणाऱ्या डिकन्स दांपत्याने तिला सोप्रानो ठरवलं, पण वजनदार, वाग्नरच्या वाटेवरची. डोळ्यांपुढे वाग्नर गाणाऱ्या किर्स्टन फ्लागस्टाडचा आदर्श. आवाज खरोखरच प्रचंड होता, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षात आली नाही.

ती लक्षात आली रिचर्ड बॉनिंगच्या. हाही सिडनीचाच, पियानो शिकायला लंडनला आलेला, तिच्याहून चार वर्षांनी लहान. 1954 मध्ये दोघांचं लग्न झालं. त्याचं म्हणणं, हा गळा बेल्लिनी-दोनिझेत्ती या इटालियन संगीतकारांचा आहे, याला ताना आणि वरचे स्वर द्या. तिचं आणि तिच्या आईचं म्हणणं, भलतंच काय, वरचा सा गाठतानाच दम लागतो. वाद घालून उपयोग होईना, म्हणून त्याने साथीदाराची युक्ती केली. सदरलँडला नुसत्या कानाने स्वराचं नाव ओळखता येत नसे. (सुरेल असणं वेगळं, ही देणगी वेगळी, उत्तमोत्तम गाणाऱ्यांना ती नसते.) त्याने रियाजात पट्टी तिच्या नकळत चढवायला सुरुवात केली. ती समजायची की आपण पांढरी एकचा वरचा सा लावला, आणि प्रत्यक्षात त्याच्याही पलीकडे पोचलेली असायची. नंतर स्वर दाखवला की वाद संपला.

ही युक्ती का चालते ते समजून घ्या. 'आता तो स्वर येणार' हे कळलं की गायक आधीच तयारी करतो: जास्त हवा भरतो, हनुवटी वर जाते, जिभेचं मूळ मागे दाबलं जातं, स्वरयंत्र वर चढतं, आणि खालच्या जाड आवाजाचं ओझं तसंच वर ओढलं जातं. स्वर लागतो, पण किंचित उतरलेला आणि ओरडलेला. न कळता वर गेलं की गळा आपोआप हलका होतो. बायकांच्या आवाजात दोन सांधे महत्त्वाचे. खालचा मधल्या सप्तकातल्या पांढरी तीन-चारच्या आसपास, वरचा त्याच्या एक सप्तक वर, पांढरी तीन ते काळी तीन. खालच्या सांध्यावर ओझं उतरवलं नाही तर वरचा सांधा अडणारच. मग दोष वरच्या स्वरांना दिला जातो.

मधल्या वर्षांत तिने हाताला लागेल ते गायलं. ऑक्टोबर 1952 मध्ये मोत्झार्टच्या 'जादूच्या बासरी'त फर्स्ट लेडी, पुढच्याच महिन्यात बेल्लिनीच्या 'नॉर्मा'त दासी क्लोतिल्दे, नायिका मारिया कॅलास ही नामांकित सोप्रानो. मग वेबरच्या ऑपेरातली आगाथे, 1955 मध्ये टिपेटच्या नव्या ऑपेरात जेनिफर, 1957 मध्ये हेंडेलच्या ऑपेरातली अल्चिना, जिथे ताना पहिल्यांदा नीट ऐकू आल्या, आणि त्याच वर्षी व्हर्दीच्या 'रिगोलेत्तो'तली जिल्दा. 'लुचिया' बसवायला इटालियन संचालक तुल्लिओ सेराफिन आला, तेव्हा ऐंशीचा. ज्याने कॅलासला घडवलं तोच. दिग्दर्शन फ्रांको झेफिरेल्लीचं. वेडाच्या प्रवेशाच्या शेवटी सदरलँडने वरच्या सा च्याही वरची काळी दोन लावली, सुमारे 1245 हर्ट्झ, आणि तीही मोठ्या, भरलेल्या आवाजात. तोवर असे स्वर बहुधा बारीक, पाखरासारख्या गळ्यांकडून ऐकायची सवय होती. आकार तोच राहिला होता, घर बदललं होतं.

तेव्हा 'देवाने गळा दिला होता, नवऱ्याने नुसतं पुढे पुढे केलं' म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं: गळा देवाचाच होता, तर डिकन्सना, आईला आणि कव्हेंट गार्डनच्या मंडळींना तो कुठला आहे ते का कळलं नाही? रोज शेजारी बसून प्रत्येक श्वास मोजणाऱ्याला कळलं. साथीदाराला गळ्यातलं काय कळतं, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरे.

आता भाचीसाठी. डिजिटल कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं, किंवा स्केल चेंजर पेटी मिळाली तर उत्तमच, कारण बोटं त्याच पट्ट्यांवर राहतात आणि बघणाऱ्यालाही कळत नाही. तिला पाठमोरी उभी करा. सा-ग-प-सा-प-ग-सा, 'ओ' किंवा 'आ'वर, मध्यम आवाजात. दर वेळी अर्धा स्वर वर. जबडा थरथरला, हनुवटी उचलली किंवा स्वर उतरला की थांबा आणि दोन अर्धस्वर खाली या. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही. मग दुसरी चाचणी: मधल्या सप्तकाच्या वरच्या सप्तकात, पांढरी चार ते पांढरी सहा या टापूतलं एखादं गाणं पाच मिनिटं गाऊ द्या. त्यानंतर ती बोलते कशी ते ऐका. बोलण्याचा आवाज खरबरीत किंवा नेहमीपेक्षा खाली गेला असेल तर ते घर तिचं नाही, किंवा निदान अजून नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही घसा बसलेला असेल तर प्रयोग बंद, आणि गळ्याच्या डॉक्टरकडे.

वाग्नर मात्र 19 व्या वर्षी कुणीच गाऊ नये. खुद्द फ्लागस्टाडने वाग्नरची नायिका इझोल्दे पहिल्यांदा 1932 मध्ये गायली, तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. ऑपेरात पट्टी बदलत नाही असं वर म्हणालो ते पूर्ण खरं नाही. लुचियाचा तो वेडाचा प्रवेश दोनिझेत्तीने पांढरी चारमध्ये लिहिला होता, रिवाजाने तो काळी दोनमध्ये गातात, आणि शेवटचा तो गाजलेला स्वरही रिवाजातलाच. सदरलँडचे शब्द कळत नाहीत ही तक्रार रास्त आहे. वरच्या सा च्या पलीकडे कुणाचेच स्वर-अक्षर ओळखता येत नाहीत, हे ध्वनिशास्त्र आहे, पण तिचे मधल्या सप्तकातही कळत नाहीत, तिथे सबब चालत नाही. आणि जड भूमिका तिने अगदी टाळल्या असंही नाही: नॉर्मा 1963 मध्ये गायली, म्हणजे क्लोतिल्देनंतर अकरा वर्षांनी, तीही आधी व्हँकुव्हरला. पुच्चीनीची तुरांदोत 1972 मध्ये आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित केली, पण रंगमंचावर कधी गायली नाही. माइकसमोर गाणं आणि थिएटर भरणं यातला फरक तिला पक्का ठाऊक होता.

युक्तीची एक मर्यादा: भाचीला कानाने पट्टी ओळखता येत असेल तर ती पहिल्याच फेरीत पकडेल. मग सरळ सांगून करा, फक्त स्वरांची नावं घेऊ नका. आणि बाईंशी भांडू नका, त्यांना चाचणीच्या वेळी खोलीत बसवा.